घरचा संगणक मंदावतो तेव्हा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात संगणक सहजासहजी आलेला नाही. कुणी तो हप्त्याने घेतला, कुणी भिशीचे पैसे त्यात घातले, तर कुणाच्या घरी आखातात नोकरीला असलेल्या मामूंनी सुट्टीवर येताना लॅपटॉप आणला. घरात एकच संगणक आणि त्यावर अवलंबून असणारे चार-पाच जण. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशपरीक्षेची नोंदणी, वडिलांच्या दुकानाचा हिशेब, बँकेचे व्यवहार, धाकट्याचा अभ्यास, ही सारी कामे त्या एका यंत्रावर होतात. पहिले वर्ष तो पळतो. दुसऱ्या वर्षी चालतो. तिसऱ्या वर्षी सुरू करून चहा प्यायला जावे, तर परत आल्यावरही तो सुरूच होत असतो. मग घरात एकमताने निकाल लागतो की संगणक म्हातारा झाला. अब्बा म्हणतात, पोराने गेम टाकून बिघडवला. पोरगा म्हणतो, नवीन घ्या. दुरुस्तीवाला म्हणतो, याच्यात आता काही राम राहिला नाही.

मला आज आपल्याला एवढेच सांगायचे आहे की हा निकाल बहुतेक वेळा चौकशीवाचून दिलेला असतो. संगणकातील प्रक्रियक तीन-चार वर्षांत थकत नाही. माणसाची हाडे झिजावीत तसा तो झिजत नाही. तो मंदावतो त्याची कारणे मोजकी आहेत, ती घरबसल्या तपासता येतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दूर करण्यास एक पैसाही लागत नाही. लागते ती चिकाटी आणि क्रम.

प्रथम यंत्राचे काम कसे चालते ते समजून घेऊ. शिंप्याचे दुकान डोळ्यांसमोर आणा. कारागीर, कापड बेतायचे टेबल आणि मागे कपड्यांचे कपाट. संगणकातील प्रक्रियक म्हणजे तो कारागीर. रॅम म्हणजे टेबल, चालू काम पसरण्याची जागा. आणि डिस्क म्हणजे कपाट, जिथे सर्व काही साठवून ठेवलेले असते. आता टेबल लहान आहे आणि त्यावर दहा गिऱ्हाइकांचे कापड एकाच वेळी पसरले आहे, असे समजा. कारागिराला प्रत्येक वेळी एक कापड उचलून कपाटात ठेवावे लागेल आणि दुसरे काढून आणावे लागेल. कारागीर कितीही चपळ असला तरी त्याचा दिवस येरझाऱ्यांतच जाईल. रॅम भरली की संगणकाचे नेमके हेच होते. त्यातही कपाट जुन्या पद्धतीचे, म्हणजे फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर हाल अधिक. ती तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो. ऐकायला हे थोडे वाटते, पण अशा हजारो फेऱ्या एका कामासाठी होतात. नव्या पद्धतीच्या एसएसडीत फिरणारा भागच नसतो. तिथे हाच वेळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो.

म्हणजे प्रश्न असा की, टेबलावर एवढे कापड पसरले कुणी? आपण तर एकच काम सांगितले होते!

इथे बिनबोलावलेले पाहुणे येतात. अरब आणि उंटाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. थंडीत उंटाने आधी तंबूत नाक घालण्याची परवानगी मागितली आणि शेवटी अरब बाहेर गेला. नको असलेले प्रोग्राम असेच शिरतात. आपण एखादा फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतो. तो बसविताना चार-पाच पडदे येतात, प्रत्येकावर खाली ‘नेक्स्ट’ लिहिलेले असते. फुकट ते पौष्टिक समजून आपण न वाचता ते दाबत जातो. त्यांतील एका पडद्यावर लहान अक्षरांत लिहिलेले असते की आमच्यासोबत अमुक टूलबार आणि तमुक संरक्षक प्रोग्रामही बसेल, आणि त्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली असते. आपण मागितला एक, घरात आले तीन. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे!

हे कोण करते आणि का? यात केवळ चोरटेच असतात, असे नाही. प्रत्येक नव्या संगणकावर आपला प्रोग्राम बसला की त्यामागे पैसे मोजणाऱ्या कंपन्या असतात, आणि फुकट प्रोग्राम देणाऱ्यांची कमाई त्यावर चालते. नामांकित ‘जावा’ या प्रोग्रामसोबत ‘आस्क टूलबार’ अनेक वर्षे असाच येत असे. २०१४ च्या अखेरीस लेनोवो कंपनीच्या काही घरगुती लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती घुसविणारा प्रोग्राम कारखान्यातूनच बसवून आला होता. त्याने सुरक्षित जोडणीच्या मधोमध स्वतःचे प्रमाणपत्र घातल्याने बँकेची माहितीसुद्धा तिसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका निर्माण झाला. २०१५ च्या फेब्रुवारीत हे उघडकीला आले, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी कंपनीला तडजोड करावी लागली. तात्पर्य, खोक्याचे सील फोडले म्हणजे आतले सारे स्वच्छच असेल, असे मानू नये. आणि पालकांनो, संगणकात शिरलेला प्रत्येक पाहुणा पोरानेच आणला, असेही मानू नये.

आता उपायांकडे वळू. मी विंडोज १० व ११ धरून बोलतो, कारण आपल्याकडील बहुतेक घरांत तेच आहे. ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने करावे, ही विनंती.

पहिले काम सांभाळण्याचे. काहीही काढण्यापूर्वी घरातील महत्त्वाची कागदपत्रे, गुणपत्रके, दाखले, फोटो आणि हिशेबाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. झाडू मारण्यापूर्वी दागिना उचलून ठेवतात, तसे हे आहे.

दुसरे काम, संगणक ‘रीस्टार्ट’ करा. आपण म्हणाल, आम्ही तर रोज रात्री बंद करतो. परंतु विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर संगणक नेहमीच पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू होता यावे म्हणून तो आपल्या अंतर्भागाची स्थिती डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तीच उचलतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र पाटी खरोखर पुसली जाते. कित्येक दिवसांचा अडथळा एवढ्यानेच निघतो.

तिसरे काम नाडी पाहण्याचे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. संगणक सुरू करून पंधरा-वीस मिनिटे थांबा, कारण सुरुवातीला विंडोज स्वतःची अद्ययावत कामे करीत असते. त्यानंतर काहीही उघडलेले नसताना आकडे वहीत लिहा. मेमरी ऐंशी-नव्वद टक्के भरलेली असेल तर टेबल अपुरे आहे. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल तर कपाटाचा दोष. आणि आपण काही करीत नसताना सीपीयू उंचावर असेल, तर कुणीतरी आपल्या नकळत राबते आहे. स्तंभाच्या नावावर टिचकी मारली की सर्वांत जास्त खाणारा वर येतो. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय पुडी देत नाही. आपणही आकडे पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत.

चौथे काम म्हणजे पाहुण्यांची रवानगी. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’ व त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ ही यादी उघडा. विंडोज १० मध्ये तिचे नाव ‘ॲप्स अँड फीचर्स’ आहे. यादी तारखेनुसार लावा. संगणक ज्या महिन्यात मंदावला त्या महिन्यात कोण आले, हे लगेच कळते. टूलबार, सवलतीचे कूपन देणारे, ‘संगणक वेगवान करू’ म्हणणारे, ‘ड्रायव्हर अद्ययावत करू’ म्हणणारे, मुदत संपलेले चाचणीचे अँटिव्हायरस, आणि वर्षभर कुणी न उघडलेले गेम, यांना ‘अनइन्स्टॉल’ करा. फोल्डर हाताने पुसू नका. मुळे तशीच राहतात. निरोप घेतानाही हे पाहुणे लबाडी करतात. मोठ्या रंगीत बटणावर ‘ठेवा’ आणि कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘काढा’ असे असते, म्हणून वाचून दाबा. आणि ज्याचे नाव कळत नाही ते लगेच काढू नका. इंटेल, एएमडी, रिअलटेक यांची नावे असलेले यंत्राचे चालक प्रोग्राम असतात. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ या नावाच्या अनेक नोंदी दिसतात, त्या इतर प्रोग्रामांना लागतात. त्या राहू द्या.

अँटिव्हायरस एकच ठेवा. दोन पहारेकरी एकाच दारात बसले की ते एकमेकांनाच अडवितात. विंडोजमध्ये स्वतःचा संरक्षक असतोच, आणि घरगुती वापराला सावधगिरीची जोड असली तर तो पुरेसा आहे.

पाचवे काम ब्राउझरचे. त्यातील ‘एक्स्टेन्शन्स’ची यादी पाहा आणि ओळखीचे नसलेले काढा. मुखपृष्ठ आणि शोधयंत्र बदललेले असेल तर पूर्ववत करा. त्यानंतर ‘नोटिफिकेशन्स’ची परवानगी कोणकोणत्या संकेतस्थळांना दिली आहे ते पाहा. पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशी पाटी वारंवार येते आणि घरातील माणसे घाबरतात. ती पाटी बहुतेक वेळा व्हायरसची नसते. चित्रपट किंवा नोट्स शोधताना कुठेतरी ‘अलाउ’ दाबले गेलेले असते, आणि ते संकेतस्थळ जाहिरात पाठवीत असते. परवानगी काढली की पाटी थांबते.

सहावे काम. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप ॲप्स’ची यादी आहे. संगणक सुरू होताच जे आपोआप उठून बसतात त्यांची ही हजेरी होय. गप्पांचे, गाण्यांचे, छपाईयंत्राच्या जाहिरातीचे प्रोग्राम इथे ‘डिसेबल’ करा. डिसेबल केल्याने ते नष्ट होत नाहीत, बोलावल्यावर येतात. संरक्षक प्रोग्राम आणि टचपॅड, आवाज यांचे चालक मात्र राहू द्या.

सातवे काम तपासणीचे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फुल स्कॅन’ करा. त्याला काही तास लागू शकतात, तेव्हा रात्री लावावे. संशय दाट असेल तर त्यातच ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. त्यात विंडोज पूर्ण उठण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे दडून बसलेल्यांना लपायला जागा उरत नाही. तिथेच नको असलेले प्रोग्राम अडविण्याची वेगळी सोय आहे, ती चालू करा. भारत सरकारने २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. या सर्वांनंतरही काही सापडले असेल, तर बँकेचे व ईमेलचे परवलीचे शब्द बदला, आणि ते दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदला.

या ठिकाणी एक धोक्याची सूचना. ‘एका टिचकीत संगणक नवा’ असे सांगणाऱ्या झाडूवाल्या प्रोग्रामांच्या नादी लागू नका. विंडोजच्या ‘रजिस्ट्री’ची सफाई करणारे प्रोग्राम वापरण्यास खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. ‘सीक्लीनर’ हा सफाईचा लोकप्रिय प्रोग्राम. २०१७ मध्ये चोरट्यांनी त्याच्या अधिकृत प्रतीतच घातक भाग घातला होता, आणि सुमारे २२ लाखांहून अधिक संगणकांवर ती प्रत पोहोचली. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय करावे! म्हणून जे काम विंडोजच्या आतील साधनांनी होते ते बाहेरच्यांना देऊ नये.

आठवे काम जागेचे. ‘सेटिंग्ज’मधील ‘स्टोरेज’ पाहा. डिस्क काठोकाठ भरली की विंडोजला श्वास घ्यायला जागा उरत नाही. पंधरा-वीस टक्के तरी मोकळी ठेवा. ‘डाउनलोड्स’ या फोल्डरात वर्षांचा कचरा साठलेला असतो, तो आधी पाहा.

एवढे झाल्यावर पुन्हा आकडे घ्या आणि वहीतील पहिल्या आकड्यांशी ताडून पाहा. बहुतेक घरांत फरक स्पष्ट दिसेल. दिसला नाही, तरच खिशात हात घालण्याची वेळ आली. तेव्हाही क्रम आहे. आधी धूळ. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरला की हवेची झरोके बंद होतात, पंखा धुळीने भरतो, आणि यंत्र तापले की प्रक्रियक स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. नंतर डिस्क. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात आपली डिस्क एचडीडी आहे की एसएसडी, हे लिहिलेले असते. एचडीडी असेल तर तिच्या जागी एसएसडी बसविणे, हा जुन्या संगणकावर करावयाचा सर्वांत गुणकारी खर्च होय. त्यानंतर रॅम. चार जीबी असेल तर आठ करावी. मात्र काही लॅपटॉपमध्ये ती कायमची जोडलेली असते, म्हणून आधी विचारून घ्या.

अशा एका घरातील संगणकाची हकिकत सांगतो. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला असे सांगून तो भंगाराच्या भावाने मागितला होता. त्या घरातील मोठी मुलगी त्यावर टॅलीचा सराव करीत असे. नवा संगणक घ्यायचा तर तो भावाच्या कॉलेजसाठी घेऊ, तिचे नंतर पाहू, असे बोलणे घरात सुरू झाले होते. आकडे पाहिले तेव्हा मदरबोर्ड ठणठणीत होता. तीन अँटिव्हायरस, सुरुवातीलाच उठणारे बावीस प्रोग्राम, आणि फिरत्या तबकडीची डिस्क, एवढाच आजार. एका दुपारी पाहुणे काढले, पुढच्या महिन्यात एसएसडी बसविली. मुलीचा सराव चालू राहिला. पालक हो, संगणक निकामी ठरला की घरात सर्वांत आधी कुणाचा अभ्यास थांबतो, याचा विचार आपण करावा. म्हणूनच ही गोष्ट मला केवळ यंत्राची वाटत नाही.

मंदावलेल्या संगणकाच्या भीतीवर दुसरेही लोक जगतात. पडदाभर लाल पाटी येते, मोठा आवाज होतो, आणि एक दूरध्वनी क्रमांक दिसतो. तो क्रमांक फिरवू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत कधीही दूरध्वनी क्रमांक नसतो. पलीकडचा माणूस गोड बोलून दूरून संगणक चालविण्याचा प्रोग्राम बसवायला सांगतो, आणि मग आपल्याच डोळ्यांदेखत खाते रिकामे होते. पाटी हटत नसेल तर संगणक बंद करा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. विकतचे प्रोग्राम कुलूप तोडून फुकटात देणारी संकेतस्थळे तुम्हाला ठाऊक आहेत, हे मला माहीत आहे. कुलूप तोडणारा माणूस आपल्या घराला कुलूप लावून जाईल, अशी आशा धरू नका. तसे प्रोग्राम बसविताना संरक्षक बंद करायला सांगतात, यातच सारे आले. लिहिण्यासाठी व हिशेबासाठी ‘लिब्रेऑफिस’ विनामूल्य आणि कायदेशीर आहे, त्यात मराठीही आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि सर्वच जुनी यंत्रे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. अशा यंत्रावर ‘लिनक्स मिंट’ ही विनामूल्य प्रणाली चार जीबी रॅमवरही चांगली चालते. आधी ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. शिकायला यासारखी दुसरी संधी नाही.

शेवटी घरासाठी तीन नियम. संगणकावर एक मुख्य खाते ठेवा, त्याचा परवलीचा शब्द जबाबदार माणसाकडे असावा, आणि रोजच्या वापरासाठी सर्वांना, मोठ्यांनासुद्धा, साधे खाते द्या. म्हणजे मुख्य परवलीच्या शब्दावाचून संगणकभर पाय पसरणारे पाहुणे दारातच अडतील. दुसरे, संगणकाजवळ एक वही ठेवा. कोणता प्रोग्राम, कोणत्या तारखेला, कशासाठी बसविला, हे बसविणाऱ्याने लिहावे. तिसरे, प्रोग्राम नेहमी तो तयार करणाऱ्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. वहीत लिहिण्याची सवय लागली की घरात आरोप कमी होतात, कारण कोण कधी आले ते कागदावर असते.

आणि एक सूचना संस्थेपुढे ठेवतो. अकरावी-बारावीच्या मुला-मुलींनी महिन्यातून एका रविवारी शाळेच्या संगणककक्षात बसावे, आणि मोहल्ल्यातील पालकांनी आपला मंदावलेला संगणक तिथे आणावा. आकडे घ्यावेत, पाहुणे काढावेत, वहीची पहिली ओळ लिहून द्यावी. मुलांच्या हाताला विद्या लागेल आणि पालकांचे पैसे वाचतील. आज घरी गेल्यावर मात्र रविवारची वाट पाहू नका. त्या तीन कळा दाबा, पंधरा-वीस मिनिटे थांबा, आणि वहीत तीन आकडे लिहा. सुरुवात तेवढीच आहे.